निसर्गदृश्य छायाचित्रण : रचना, प्रकाश आणि विधायक अभिप्राय

सारांश

प्रत्यक्षात भव्य भासलेले निसर्गदृश्य छायाचित्रात फिके व सपाट का दिसते, हा प्रश्न छायाचित्रणाकडे वळणाऱ्या प्रत्येकास पडतो. त्याचे उत्तर बहुधा कॅमेऱ्याच्या किमतीत शोधले जाते. प्रस्तुत लेखात ते छायाचित्रकाराने घेतलेल्या, किंवा न घेतलेल्या, निर्णयांत शोधले आहे. उभे राहण्याची जागा, चौकटीची मर्यादा, प्रकाशाची दिशा आणि वेळ या निर्णयांचे कार्य कसे चालते, याचे विवेचन सह्याद्रीतील, विशेषतः हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या उदाहरणाने केले आहे. हे निर्णय सुधारण्यास साह्यभूत ठरणारा अभिप्राय कसा असावा आणि महाविद्यालयीन छायाचित्र स्पर्धांच्या प्रचलित पद्धतीत तो का मिळत नाही, याचीही चिकित्सा येथे केली आहे.

बीजसंज्ञा : निसर्गदृश्य छायाचित्रण, दृश्यरचना, प्रकाशाची दिशा, विधायक अभिप्राय, आकारिक मूल्यमापन.

१. प्रस्तावना

महाविद्यालयीन जीवनात छायाचित्रणास आज पूर्वी कधी नव्हते इतके स्थान मिळाले आहे. निसर्ग मंडळाच्या सहली, भूगोल व वनस्पतिशास्त्र विभागांच्या क्षेत्रभेटी, राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे, वार्षिक अंकातील रंगीत पृष्ठे आणि स्नेहसंमेलनातील प्रदर्शन अशा अनेक निमित्तांनी विद्यार्थी निसर्गदृश्ये टिपतात. भ्रमणध्वनीतच कॅमेरा आल्याने साधनाची अडचण जवळजवळ संपली आहे. तथापि, छायाचित्रांची संख्या ज्या प्रमाणात वाढली त्या प्रमाणात त्यांचा दर्जा वाढल्याचे दिसत नाही.

याचे एक कारण शिकविण्याच्या पद्धतीत आहे. विद्यार्थ्याने निबंध लिहिला तर शिक्षक समासात शेरे लिहितो. प्रयोगवहीतील आकृती चुकली तर ती कोठे चुकली हे दाखवितो. छायाचित्राच्या वाट्याला मात्र ‘छान’ एवढा एकच शब्द येतो. स्पर्धेत परीक्षक तासाभरात शंभर-दीडशे छायाचित्रे पाहून तीन क्रमांक जाहीर करतात. ज्यांना क्रमांक मिळाला त्यांना तो का मिळाला हे कळत नाही आणि ज्यांना मिळाला नाही त्यांना काय कमी पडले हे कळत नाही. अशा वेळी आपला कॅमेराच कमी प्रतीचा आहे, असा समज करून घेणे स्वाभाविक ठरते. हा समज रूढ झाला की आर्थिक कुवत नसलेला विद्यार्थी या कलेपासून दूर जातो आणि कुवत असलेला विद्यार्थी साधने बदलत राहतो. दोघांचीही दृष्टी मात्र होती तेथेच राहते. छायाचित्र सुधारण्याचा मार्ग शब्दांत सांगता येतो व म्हणून तो शिकविताही येतो, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

२. ऐतिहासिक पूर्वपीठिका

छायाचित्रणाचा आरंभच निसर्ग व वास्तू यांच्या दृश्याने झाला. फ्रान्समधील जोसेफ निसेफोर निएप्स यांनी १८२६-२७ च्या सुमारास आपल्या घराच्या खिडकीतून घेतलेले दृश्य हे कॅमेऱ्याने टिपलेले, आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने छायाचित्र मानले जाते. त्यासाठी लागलेला वेळ इतका दीर्घ होता की तेवढ्यात सूर्य आकाशाच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूस गेला आणि इमारतींच्या समोरासमोरच्या दोन्ही भिंती उजळलेल्या दिसल्या. प्रकाशास एक निश्चित दिशा नसेल तर वस्तूंचे आकार कसे संदिग्ध होतात, याचा पुरावा या पहिल्याच छायाचित्रात सापडतो.

मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली आणि त्यानंतर लवकरच एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचे वर्गही सुरू झाले. म्हणजेच महाविद्यालयीन परिसर आणि छायाचित्रण यांचा संबंध महाराष्ट्रात दीडशे वर्षांहून जुना आहे. १८६३ मध्ये भारतात आलेल्या सॅम्युअल बोर्न यांनी हिमालयात तीन मोठ्या मोहिमा केल्या व १८६६ मध्ये मणिरंग खिंडीत, १८,००० फुटांहून अधिक उंचीवर, छायाचित्रे घेतली. त्या काळच्या ओल्या काचपट्टीच्या तंत्रात पट्टी तयार करणे, ती ओली असेपर्यंत दृश्य टिपणे आणि जागेवरच तंबूत धुणे ही सर्व कामे काही मिनिटांत उरकावी लागत. एका छायाचित्रामागे इतके श्रम असल्याने कोठे उभे राहावे आणि केव्हा टिपावे याचा विचार आधीच पूर्ण करावा लागे. आजच्या साधनांनी हे श्रम वाचविले; त्यांबरोबर तो विचारही वाचला, ही खरी अडचण आहे.

या विचाराचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकन छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स (१९०२-१९८४) यांच्या कार्यात आढळते. १० एप्रिल १९२७ रोजी योसेमिटी खोऱ्यातील हाफ डोम या प्रचंड खडकासमोर ते पोहोचले तेव्हा त्यांच्याजवळ दोनच काचपट्ट्या शिल्लक होत्या. पहिली त्यांनी पिवळा फिल्टर लावून वापरली. परंतु या पट्टीवर आकाश उजळ येईल आणि खडकाचा जो दरारा मनाला जाणवला तो उतरणार नाही, हे ध्यानात येताच दुसऱ्या पट्टीसाठी त्यांनी गडद तांबडा फिल्टर लावला. तांबडा फिल्टर निळा प्रकाश अडवितो. त्यामुळे आकाश जवळजवळ काळे झाले आणि खडक त्यातून उठून आला. ‘मोनोलिथ, द फेस ऑफ हाफ डोम’ या नावाने हे छायाचित्र ओळखले जाते. दोन्ही पट्ट्यांच्या वेळी जागा, कॅमेरा आणि खडक तेच होते. बदलला तो केवळ ‘काय सांगावयाचे आहे’ या प्रश्नाच्या उत्तरातून आलेला एक निर्णय.

३. रचनेचे निर्णय

३.१ डोळा आणि भिंग : कड्यासमोर उभ्या असलेल्या माणसाची नजर कड्यावर खिळते. पायाखालचा मुरूम, बाजूची झुडपे, डोक्यावरचे रिकामे आकाश यांची ती दखल घेत नाही. कॅमेरा असा भेद करीत नाही. भ्रमणध्वनीच्या मुख्य कॅमेऱ्याचे भिंग बहुधा ३५ मि.मी. फिल्मच्या मापाने २४ ते २८ मि.मी.च्या तोडीचे असते व ते आडव्या दिशेने सुमारे ६५ ते ७५ अंशांचा प्रदेश सामावून घेते. त्यात १० अंश व्यापणारा सुळका छायाचित्राच्या रुंदीचा जेमतेम आठवा भाग घेतो. डोळ्याला भव्य भासलेला डोंगर छायाचित्रात टेकडीएवढा दिसण्याचे कारण हे आहे.

यावर तीन उपाय संभवतात. अधिक नाभीय अंतराचे भिंग वापरून केवळ सुळका घ्यावा. किंवा चालत जवळ जावे. किंवा जवळची एखादी वस्तू चौकटीत घेऊन सुळक्याच्या आकाराचे माप द्यावे. हे तिन्ही उपाय समान नाहीत. भिंग बदलल्याने दृश्याचा विस्तार फक्त कमी-अधिक होतो. वस्तूंचे परस्परांशी असलेले प्रमाण बदलत नाही. ते प्रमाण केवळ छायाचित्रकाराने जागा बदलल्यानेच बदलते. म्हणून पाय हे छायाचित्रकाराचे पहिले साधन ठरते.

३.२ वगळण्याची कला : कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांनी रंकाळा व कोटितीर्थ परिसराची निसर्गचित्रे काढली. चित्रकारास नको असलेली वस्तू कागदावर न उतरविण्याची मुभा असते. छायाचित्रकारास तीच गोष्ट साधण्यासाठी चार पावले सरकावे लागते, वाकावे लागते किंवा थांबावे लागते. चित्रकार कोऱ्या कागदावर भर घालीत जातो, तर छायाचित्रकार भरलेल्या जगातून वजाबाकी करीत जातो. म्हणून कळ दाबण्यापूर्वी चौकटीच्या चारही कडांवरून एकदा नजर फिरविण्याची सवय फार उपयोगी पडते. अर्धवट घुसलेली फांदी, विजेची तार, कोणाच्या पिशवीचा पट्टा हे दोष बहुधा कडांवरच दडलेले असतात.

३.३ क्षितिजरेषा आणि एकतृतीयांशाचा नियम : चौकटीचे उभे-आडवे तीन समान भाग कल्पून महत्त्वाचे घटक त्या रेषांवर ठेवावेत, हा नियम सर्वपरिचित आहे. इंग्लंडमधील जॉन थॉमस स्मिथ यांनी १७९७ मध्ये ग्रामीण दृश्यांच्या चित्रणाविषयीच्या आपल्या पुस्तकात तो मांडला. म्हणजे छायाचित्रणाच्या जन्माआधीच तो चित्रकलेत अवतरला होता. या नियमाचे मर्म असे की आकाश व भूमी यांना समान वाटा दिल्यास दोहोंपैकी महत्त्वाचे कोणते हे पाहणाऱ्यास कळत नाही. मेघांनी भरलेले आकाश बोलके असेल तर त्यास दोन वाटे द्यावेत. ते कोरे असेल तर एक अरुंद पट्टी पुरे. तलावातील प्रतिबिंब हाच विषय असेल तेथे मात्र मधोमध ठेवलेले क्षितिज उचित ठरते, कारण तेथे समानता हाच आशय असतो. नियमामागील कारण जाणणाऱ्यास त्याचा भंग केव्हा करावा हेही कळते.

३.४ अग्रभूमी आणि तिची जबाबदारी : सपाट कागदावर खोलीचा आभास निर्माण व्हावयाचा असेल तर अग्रभूमी, मध्यभूमी आणि पार्श्वभूमी यांचे परस्पर नाते दिसावे लागते. मोठ्या संवेदकाच्या कॅमेऱ्यावर २४ मि.मी.चे भिंग एफ/११ या छिद्रमापावर ठेवून सुमारे १.८ मीटर अंतरावर केंद्रित केले, तर जवळजवळ ०.९ मीटरपासून अनंतापर्यंतचे सर्व काही पुरेसे स्पष्ट येते. भ्रमणध्वनीचा संवेदक लहान असल्याने त्यात ही स्पष्टता आपसूकच मिळते.

सातारा जिल्ह्यातील कास पठार हे या संदर्भात बोलके उदाहरण आहे. पश्चिम घाटातील ज्या स्थळांना २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यांत कासचा समावेश आहे. येथील सीतेची आसवे, गेंद, तेरडा यांसारख्या वनस्पती बुटक्या असून खडकावरील मातीच्या पातळ थरात वाढतात. उभ्याने टिपलेल्या छायाचित्रात त्यांचा केवळ रंगीत डाग दिसतो. कॅमेरा गुडघ्याखाली आणल्यास तीच फुले अग्रभूमी होऊन पठाराचा विस्तार मोजून देतात. परंतु त्या एका चौकटीसाठी ताटव्यात पाय टाकला तर जे टिपावयाचे तेच नष्ट होते. पायवाटेवर राहून कॅमेरा खाली नेणे आणि तेथून जमेल तेवढीच रचना स्वीकारणे ही येथे कलेचीच अट मानली पाहिजे.

४. प्रकाशाचे निर्णय

४.१ दिशा : सह्याद्रीचे कडे बेसाल्ट खडकाच्या एकावर एक साचलेल्या थरांचे आहेत. सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीमागे असेल तर या थरांच्या सावल्या दिसत नाहीत व कडा एखाद्या रंगविलेल्या भिंतीसारखा सपाट भासतो. तोच प्रकाश बाजूने तिरपा आला तर प्रत्येक थराच्या खाली सावलीची रेघ उमटते आणि खडकाची पायऱ्यापायऱ्यांची घडण स्पष्ट होते. समोरून येणाऱ्या प्रकाशात तपशील लोपतो, पण एकामागे एक गेलेल्या डोंगररांगा धुक्यात फिकट होत जातात व अंतराची जाणीव तीव्र होते. कोणती दिशा चांगली, हा प्रश्न यामुळे अपुरा ठरतो. कोणत्या आशयासाठी कोणती दिशा, असा तो विचारला पाहिजे.

४.२ वेळ : पाश्चात्त्य छायाचित्रण-ग्रंथांत सूर्योदयानंतरच्या व सूर्यास्तापूर्वीच्या तासाला ‘सोनेरी तास’ म्हटले जाते. महाराष्ट्रात हे वर्णन जसेच्या तसे लागू पडत नाही. सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर विषुवदिनाच्या आसपास सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो व क्षितिजापासून ६ अंश उंची सुमारे २५ मिनिटांत गाठतो. ५० अंश अक्षांशावर त्याच उंचीसाठी ३५ मिनिटांहून अधिक काळ लागतो. म्हणजेच येथील सोनेरी तास प्रत्यक्षात अर्ध्या तासाच्या आसपासचा असतो. सूर्योदयानंतर जागा शोधण्यास निघालेल्यास तो सापडत नाही. जागा आदल्या दिवशी ठरवून, पहाटेच्या अंधारात तेथे पोहोचणे हाच त्यावरील उपाय होय. याउलट मे महिन्याच्या मध्यास मुंबई-पुण्याच्या अक्षांशांवर मध्यान्हीचा सूर्य नेमका माथ्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. आकार दाखविण्यास ती वेळ सर्वांत प्रतिकूल होय.

४.३ ऋतू आणि स्थान : अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमाभिमुख व अर्धवर्तुळाकार आहे. पश्चिमाभिमुख असल्याने तो सकाळभर स्वतःच्याच सावलीत असतो. त्यावर ऊन येते ते दुपारनंतर. या अक्षांशावर सूर्यास्ताची जागा जूनमध्ये पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेस व डिसेंबरमध्ये तितकीच दक्षिणेस सरकते. त्यामुळे हिवाळ्यातील संध्याकाळी कड्याचा उत्तरेकडील बाहू थेट उजळतो, तर उन्हाळ्याच्या अखेरीस दक्षिणेकडील बाहूस अधिक समोरून प्रकाश मिळतो. एकाच जागेवरून, एकाच घटकेला घेतलेली दोन ऋतूंतील छायाचित्रे अशी वेगळी होतात.

याच कड्यावरून दिसणारे ‘इंद्रवज्र’ हे वर्तुळाकार इंद्रधनुष्य प्रसिद्ध असून कर्नल साइक्स यांनी १८३५ मध्ये त्याची नोंद केल्याचे सांगितले जाते. ते दिसण्यासाठी सूर्य पाहणाऱ्याच्या पाठीशी आणि ढग समोर खाली असावे लागतात. दरी पश्चिमेस असल्याने ही स्थिती येथे सकाळी येते. म्हणजे जी वेळ कड्याच्या छायाचित्रास प्रतिकूल तीच इंद्रवज्रास अनुकूल असते. पाहणाऱ्याची सावली नेहमी त्या वर्तुळाच्या मध्यभागी पडते. म्हणून प्रत्येकाचे इंद्रवज्र त्याचे स्वतःचेच असते. येथे हेही नमूद करणे अगत्याचे आहे की कड्याची धार अनेक ठिकाणी पुढे झुकलेली आहे. काठावर उभे न राहता, पोटावर झोपून आणि सोबत्याच्या देखरेखीखालीच खाली पाहावे, हा दंडक सहल नेणाऱ्या प्राध्यापकांनी पाळून घ्यावा.

४.४ धुके आणि प्रकाशमापन : पावसाळ्यातील घाटात घेतलेले धुक्याचे छायाचित्र मळकट करडे येते, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे असल्याचे गृहीत धरतो. दृश्य मुळातच पांढरे असेल तर तो त्यास करड्यापर्यंत खाली ओढतो. अशा वेळी एक ते दीड स्टॉप अधिक प्रकाश द्यावा लागतो. ओल्या काळ्या कातळाने चौकट भरली असेल तर नेमके उलट घडते व प्रकाश कमी करावा लागतो. ओल्या पानांवरील चकाकी घालविण्यासाठी ध्रुवीकरण फिल्टर उपयुक्त असतो. मात्र रुंद भिंगावर तो निळे आकाश एका बाजूस गडद व दुसऱ्या बाजूस फिके करतो, हे ध्यानात ठेवावे.

४.५ संस्करणाची मर्यादा : संगणकावर छायाचित्रात बदल करणे गैर नाही. अॅडम्स यांनी १ नोव्हेंबर १९४१ रोजी टिपलेल्या ‘मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको’ या एकाच निगेटिव्हवरून पुढील अनेक वर्षे मुद्रिते काढली आणि उत्तरोत्तर त्यातील आकाश अधिक गडद केले. ती त्यांची स्वतःच्या कलाकृतीची पुनर्वाचने होती. प्रश्न उद्भवतो तो छायाचित्र नोंद म्हणून सादर होते तेव्हा. भूगोलाच्या क्षेत्रभेट अहवालातील मातीचा रंग किंवा वनस्पतिशास्त्राच्या नोंदीतील पानाचा हिरवेपणा भडक केला तर ती नोंद पुरावा म्हणून निकामी होते. कलाकृती आणि नोंद यांपैकी आपण काय सादर करीत आहोत, हे विद्यार्थ्याने स्पष्ट करणे म्हणूनच आवश्यक आहे.

५. विधायक अभिप्रायाचे स्वरूप

५.१ सैद्धांतिक आधार : जॉन हॅटी आणि हेलन टिंपर्ली यांनी २००७ मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार परिणामकारक अभिप्राय तीन प्रश्नांची उत्तरे देतो : कोठे जावयाचे आहे, सध्या कोठवर आलो आहोत आणि पुढचे पाऊल कोणते. केवळ व्यक्तीची प्रशंसा करणारा अभिप्राय अध्ययनास सर्वांत कमी उपयोगी पडतो, हेही त्यांनी दाखविले. ‘तुझी दृष्टी फार सुंदर आहे’ हे वाक्य ऐकण्यास गोड आहे; परंतु त्यातून पुढच्या छायाचित्रासाठी काहीच हाती लागत नाही. रूथ बटलर यांनी इस्रायलमधील शालेय विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात केवळ लेखी शेरे मिळालेल्या विद्यार्थ्यांची कामगिरी व गोडी टिकून वाढली. गुणांबरोबर तेच शेरे दिले असता मात्र शेऱ्यांचा लाभ दिसून आला नाही. क्रमांक समोर आला की शेरा वाचलाच जात नाही, हा अनुभव उत्तरपत्रिका परत देणाऱ्या प्रत्येक शिक्षकास परिचित आहे.

कलासमीक्षेच्या अध्यापनात एडमंड फेल्डमन यांनी वर्णन, विश्लेषण, अर्थनिर्णय आणि मूल्यनिर्णय असा चार पायऱ्यांचा क्रम सुचविला आहे. नृत्यरचनाकार लिझ लर्मन यांनी १९९० पासून विकसित केलेल्या पद्धतीत कलावंतास प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रथम दिला जातो व मत मांडण्यापूर्वी त्याची अनुमती घेतली जाते. या दोन्ही पद्धतींत निर्णय शेवटी येतो. महाविद्यालयीन स्पर्धेत तो आरंभी येतो आणि तेथेच सारे संपते.

५.२ एक उदाहरण : ऑक्टोबरमध्ये सकाळी ११ वाजता घेतलेले कोकणकड्याचे एक छायाचित्र कल्पिता येईल. क्षितिज मधोमध आहे. वरचा अर्धा भाग पांढरट आकाशाचा असून त्यात ढग नाही. कडा सावलीत असल्याने काळपट दिसतो. डाव्या कोपऱ्यात सहाध्यायाच्या पाठपिशवीचा पट्टा आला आहे.

यावर ‘ठीक आहे, पण अजून चांगले येऊ शकले असते’ हा शेरा निरुपयोगी आहे आणि ‘कॅमेरा कोणता?’ हा प्रश्न दिशाभूल करणारा आहे. विधायक अभिप्रायाचा आरंभ वर्णनाने होईल : ‘नजर प्रथम आकाशाकडे जाते व तेथे काही नसल्याने भरकटते, कड्याकडे वळली तरी त्याचे थर दिसत नाहीत, मग ती डाव्या कोपऱ्यातील पट्ट्याकडे ओढली जाते.’ त्यानंतर विश्लेषण येईल : ‘कडा पश्चिमाभिमुख असल्याने या वेळी त्यावर ऊन नाही, प्रकाशमापकाने आकाशाला झुकते माप दिल्याने तो अधिकच काळवंडला.’ यानंतरचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : ‘कड्याची खोली दाखवावयाची होती, की त्याखाली पसरलेल्या कोकणचा विस्तार?’

या प्रश्नाचे उत्तर केवळ छायाचित्रकारच देऊ शकतो आणि त्याच्या उत्तरानुसार पुढचा मार्ग बदलतो. खोली दाखवावयाची असेल तर दुपार उलटल्यावर, उभ्या चौकटीत, आकाशाची केवळ पट्टी ठेवून आणि काठापासून सुरक्षित अंतरावरील मानवी आकृती मापासाठी घेऊन पुन्हा प्रयत्न करता येईल. विस्तार दाखवावयाचा असेल तर सकाळच योग्य. पाठीमागून येणारा सूर्य खालचा प्रदेश उजळवितो आणि सावलीतील कड्याची काळी धार त्यास चौकट पुरविते. पहिल्या हेतूच्या दृष्टीने जो दोष होता तोच दुसऱ्या हेतूच्या दृष्टीने गुण ठरतो. अभिप्रायाने हेतू विचारला नसता तर त्याने एकच ठराविक उपाय सर्वांना सांगितला असता.

५.३ अभिप्रायातील धोके : अभिप्रायाने सुधारणा होते तशी एकसुरीपणाही येऊ शकतो. एका गटातील सर्वांनी एकमेकांना तेच नियम सांगितले की वर्षाअखेरीस सर्वांची छायाचित्रे सारखी दिसू लागतात. दुसरा धोका असा की शिक्षकाच्या शब्दास असलेल्या वजनामुळे विद्यार्थी आपला हेतू सोडून शिक्षकाची आवड पुरवू लागतो. म्हणून शिक्षकाने आपला अभिप्राय सर्वांत शेवटी द्यावा, हे श्रेयस्कर होय.

६. महाविद्यालयीन स्तरावरील अवलंब

वरील विवेचनाच्या आधारे, कोणताही अतिरिक्त खर्च न करता, पुढील पद्धती अवलंबिता येईल.

(१) प्रत्येक छायाचित्राबरोबर विद्यार्थ्याने स्थळ, दिनांक, वेळ आणि कॅमेऱ्याची दिशा यांची नोंद करावी व आपला हेतू दोन वाक्यांत लिहून बंद पाकिटात द्यावा.

(२) प्रदर्शन प्रथम क्रमांकाविना भरवावे. प्रत्येक छायाचित्राखाली कोरा कागद लावून पाहणाऱ्याने तीन ओळी लिहाव्यात : नजर प्रथम कोठे गेली, चौकटीबाहेर कोठून निघून गेली आणि छायाचित्रकारास विचारावासा वाटणारा एक प्रश्न. ‘छान’ व ‘वाईट’ हे शब्द वर्ज्य असावेत.

(३) त्यानंतर पाकीट उघडून हेतू आणि प्रेक्षकांची वर्णने शेजारी ठेवावीत. या दोहोंतील अंतर हेच विद्यार्थ्याचे अध्ययनक्षेत्र होय.

(४) महिनाभरात त्याच विषयाचे दुसरे छायाचित्र सादर करावे. स्थळी पुन्हा जाणे शक्य नसेल तर मूळ छायाचित्राची नवी चौकट किंवा नवे संस्करण स्वीकारावे.

(५) पारितोषिक द्यावयाचेच असेल तर ते एकट्या छायाचित्रास न देता पहिल्या व दुसऱ्या छायाचित्रांच्या जोडीस द्यावे. त्यामुळे साधनाऐवजी प्रगतीचे मोल होईल आणि साध्या भ्रमणध्वनीवर काम करणारा विद्यार्थीही समान पातळीवर येईल.

या उपक्रमात विविध विभागांना स्वाभाविक वाटा आहे. सूर्याची दिशा व भूरूपे भूगोल विभाग समजावू शकतो. प्रकाशाचे ध्रुवीकरण पदार्थविज्ञान विभाग दाखवू शकतो. नाजूक अधिवासात कोठे पाय ठेवू नये हे वनस्पतिशास्त्र विभाग सांगू शकतो. आणि जे दिसते ते नेमक्या शब्दांत मांडण्याचा सराव मराठी विभागाहून चांगला कोण देणार?

७. समारोप

निसर्गदृश्य छायाचित्रणात रचना म्हणजे कोठे उभे राहावे व काय वगळावे याचा निर्णय, तर प्रकाश म्हणजे केव्हा व कोणत्या दिशेने पाहावे याचा निर्णय होय. विधायक अभिप्राय या निर्णयांना नाव देतो, त्यांचा पाहणाऱ्यावर झालेला परिणाम छायाचित्रकारास परत कळवितो आणि पुढचा निर्णय त्याच्यावरच सोपवितो. महागडा कॅमेरा स्पष्टता वाढवील. परंतु पश्चिमेकडे तोंड केलेल्या कड्यावर सकाळी ऊन पाडणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.

रस्ते, धरणे, वसाहती आणि पर्यटन यांमुळे घाटमाथ्याचे रूप पालटत आहे. आज विद्यार्थ्यांनी टिपलेली दृश्ये उद्या त्या त्या स्थळांची नोंद म्हणून पाहिली जातील. ती भडक व एकसाची असतील तर पुढील पिढीस त्यांतून फारसे काही वाचता येणार नाही. स्थळ, वेळ व हेतू यांच्या नोंदीसह विचारपूर्वक घेतलेले साधे छायाचित्र मात्र तेव्हाही बोलेल. अशी छायाचित्रे घडावयाची असतील तर ‘छान’ या शब्दापुढे आणखी दोन वाक्ये बोलण्याची तयारी शिक्षकांनी प्रथम दाखविली पाहिजे.